कूस बदलण्याचा तक्ता पूर्ण भरलेला, तरी बेडसोर होतातच. शुश्रूषाकेंद्रातल्या कामाची घडी नेमकी कुठून बसवायची?

तक्तेबहाद्दर

वृद्धांचं निवासी शुश्रूषाकेंद्र धरून चाला. ४० खाटा, त्यातले १३ जण पूर्ण अंथरुणाला खिळलेले. दर दोन तासांनी कूस बदलायचा तक्ता प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी, रोज वेळेसह सहीसह भरलेला. तरी सतत दाब राहून माकडहाडावर आणि टाचांवर लाल चट्टे येतात, त्यातले काही फुटतात, हेच बेडसोर. पडण्याचंही तेच: धोक्याचा फॉर्म भरलेला असतो आणि माणूस पडलेला असतो.

अशा वेळी व्यवस्थापनाचं ठरलेलं उत्तर म्हणजे आणखी एक तक्ता आणि आणखी एक प्रशिक्षण. माझ्या मते तक्ता ही आता कामाची नोंद राहिलेली नाही, तेच एक वेगळं काम होऊन बसलंय. "माणसं वाढवा" हे उत्तर बरोबर आहे, पण ते सगळ्यांना पाठ आहे. ते सोडून, आहे त्याच माणसांत काय बदलता येतं? जाणकारांनी तपशिलात लिहावं ही विनंती.

घडीची_चादर

वाचतेय. धाग्याचं शीर्षक फ्रेम करून ऑफिसात लावावं असं आहे.

रातपाळी

आधी गणित मांडा. १३ जण, प्रत्येकाची कूस बदलायला दोन माणसं, पॅड बघणं-बदलणं धरून ६ मिनिटं. झाली ७८ मिनिटं. म्हणजे दर १२० मिनिटांतली ७८ मिनिटं एक जोडी फक्त हेच करणार. रात्री मजल्यावर दोनच माणसं असतील तर घंटा, उलटी, संडास, औषध, पाणी हे सगळं उरलेल्या ४२ मिनिटांत. जमणार नाही, आणि जमत नाही म्हणूनच पहाटे पाचला सगळे तक्ते एका पेनाने, एका बैठकीत भरले जातात. यात कामचुकारपणा शोधू नका. जे काम होणं शक्य नाही त्याचा पुरावा मागितला की पुरावा तयार होतो.

दुसरं, तक्त्यावर ८, १०, १२, २ अशा वेळा छापलेल्या आहेत का? असतील तर तो तक्ता वेळ नोंदवतच नाही, वेळ पढवतो. छापील वेळा काढून टाका. रकाने दोनच ठेवा: प्रत्यक्षात किती वाजता, आणि आता कोणत्या कुशीवर (डावी, पाठ, उजवी). मग "१०.४० उजवी" असं खरं काहीतरी दिसायला लागेल.

सुईदोरा

रातपाळींशी सहमत. त्यात भर म्हणजे दोन तास ही काळ्या दगडावरची रेघ नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या एका अभ्यासात उच्च घनतेच्या फोमच्या गाद्यांवर २, ३ आणि ४ तासांनी कूस बदललेल्यांमध्ये जखमांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र त्यात ब्रेडन गुण (बेडसोरचा धोका मोजणारे, कमी गुण म्हणजे जास्त धोका) १० ते १४ असलेलेच होते, म्हणजे मध्यम आणि जास्त धोक्याचे. ९ किंवा कमी गुण असलेले अतिधोक्याचे लोक त्यात नव्हते. त्यामुळे "सगळ्यांना चार तास" असा अर्थ काढू नका. साध्या, बसलेल्या गादीवर तर मुळीच नको.

ब्रेडन मोजपट्टी बऱ्याच ठिकाणी असते, पण फक्त बेरीज बघितली जाते. ६ ते २३ गुण, १८ किंवा कमी म्हणजे धोका, एवढंच लक्षात राहतं. खरा उपयोग आतल्या सहा रकान्यांचा आहे: संवेदना, ओलावा, हालचाल, स्वतः अंग हलवण्याची क्षमता, आहार, घर्षण. दोन माणसांचे गुण सारखेच १३, पण एकाचा ओलाव्यात १ आणि दुसऱ्याचा आहारात १. पहिल्याला बॅरिअर क्रीम (ओलाव्यापासून त्वचा राखणारं) आणि वेळेवर पॅड हवा, दुसऱ्याला प्रथिनं. दोघांनाही "दोन तासांनी कूस" एवढंच लिहून दिलं की झालं काम, असं होतं.

आता हाताने करायच्या गोष्टी:

माणसाला पूर्ण ९० अंशात कुशीवर टाकू नका. खुब्याच्या हाडावर सगळा भार येतो. पाठीमागे उशी देऊन ३० अंशांचा कल पुरेसा. नंतर आपला तळहात माकडहाडाखाली सरकवून बघा. हाड गादीला टेकत असेल तर कूस फक्त तक्त्यावर बदलली आहे.

डोक्याकडची बाजू जेवण सोडून ३० अंशांच्या वर नको. वर केली की माणूस खाली घसरतो, कातडी जागेवर राहते आणि आतलं हाड सरकतं. वर घ्यायचं असेल तर आधी गुडघ्यांखालची बाजू उचला.

टाचा हवेत हव्यात. उशी पोटरीखाली, लांबीच्या दिशेने, गुडघा किंचित वाकलेला.

भोकाची गोल उशी बंद. कडेने दाब देऊन मधला रक्तपुरवठा आणखी कमी करते.

हवेची किंवा चांगली फोमची गादी घेतली आणि वर रबरी शीट, जाड चादर, दोन पॅड असा थर चढवला तर ती गादी घेतलीच नाही असं समजा.

लाल जागेवर मालिश करू नका. बोटाने दाबून सोडा. लाली पांढरी होऊन परत आली तर अजून वेळ आहे, दाबूनही लालच राहिली तर पहिली पायरी सुरू झाली. सावळ्या-काळ्या त्वचेवर ही लाली दिसत नाही. तिथे शेजारच्या भागाशी तुलना करून गरम आहे का, घट्ट किंवा मऊ पडलंय का, दुखतंय का ते बघायचं.

वाकडी_मान

सुईदोरा, तुमचं बरोबर असेल, पण "३-४ तास चालतात" हे वाक्य व्यवस्थापनाच्या हाती पडलं की दुसऱ्या दिवशी रात्रीचा एक माणूस कमी होतो. फोमची गादी मात्र येत नाही.

सुईदोरा

मान्य. म्हणून क्रम उलटा ठेवायचा. आधी गादी, मग नोंद, मग ज्यांची त्वचा सलग स्वच्छ आहे त्यांचंच अंतर वाढवायचं, तेही एका वेळी एका माणसाचं. सकाळी लाली दिसली की अंतर परत कमी. हा निर्णय सिस्टरने नावानिशी लिहायचा, परिपत्रकाने नाही. रात्री दर दोन तासांनी माणसाला जागं करण्याचीही किंमत असते. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी गोंधळ वाढतो, जेवण कमी जातं.

कुंपणावरचा

मी रजिस्टरांचं रजिस्टर सुचवणार होतो. कोणतं रजिस्टर कोणी भरलं याचं.

घडीची_चादर

हळू बोला, कोणीतरी खरंच छापून आणेल.

उंबरठा

पडण्याबद्दल लिहितो. धोक्याचा फॉर्म बहुतेक सगळ्यांना "जास्त धोका" असंच सांगतो, कारण शुश्रूषाकेंद्रात राहणारी जवळजवळ सगळीच माणसं त्या निकषात बसतात. सगळ्यांच्या हातात धोक्याचा पिवळा पट्टा म्हणजे कोणाच्याच नाही.

त्यापेक्षा पडल्यानंतरची पंधरा मिनिटं वापरा. आधी इजा तपासा: डोकं, खुबा, रक्त पातळ करणारी औषधं चालू आहेत का. ते झालं की त्याच जागी उभं राहून, त्या पाळीतल्या मावशी, सिस्टर आणि जमलं तर तो माणूस स्वतः यांच्याशी बोला. पहिला प्रश्न "का पडलात" असा नको, "कुठे निघाला होतात" असा हवा. उत्तर बहुतेक वेळा संडास असतं. मग: शेवटचं संडासला कधी नेलं? पायात काय होतं? दिवा लागत होता का? वॉकर हाताला येईल असा होता की साफसफाईत कोपऱ्यात गेला? नवं औषध? खाटेची उंची किती? बसल्यावर पावलं सपाट टेकायला हवीत. "चक्कर आली, पडले, समज दिली" या नोंदीतून काही शिकता येत नाही.

रक्तदाब पडून आणि उभं राहून, दोन्ही घ्या. पाच मिनिटं आडवं ठेवून पहिला, उभं केल्यावर १ मिनिटाने आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर औषधांची यादी डॉक्टरांसमोर. बसवून घेतलेल्या एका आकड्यावरून हे कळत नाही.

साईड रेल (खाटेचे कठडे) सगळीकडे वर करून ठेवणं हा उपाय नाही. गोंधळलेला माणूस वरून चढतो आणि जास्त उंचीवरून पडतो, किंवा फटीत अडकतो. खाटेचा अलार्म माणूस उठल्यावर वाजतो. मावशी पोचेपर्यंत तो जमिनीवर असतो.

आणि एक सोपी गोष्ट: मागच्या सहा महिन्यांतली प्रत्येक पडझड २४ तासांच्या पट्टीवर टिंब देऊन मांडा. पाळी बदलण्याच्या वेळेला टिंबांची गर्दी दिसली तर आश्चर्य नको, कारण तेव्हा अख्खा स्टाफ हँडओव्हरसाठी एका खोलीत असतो.

कुंपणावरचा

मग हँडओव्हर बंद!

रातपाळी

बंद नको, खोलीतून बाहेर काढा. जाणारी आणि येणारी सिस्टर दोघी खाटेपाशी उभ्या राहून बोलतील, मावशींपैकी दोघी मजल्यावरच राहतील. खाटेपाशी चार गोष्टी डोळ्यांनी बघायच्या: कोणत्या कुशीवर आहे, कॅथेटरची पिशवी मूत्राशयाच्या खाली पण जमिनीला न टेकता आहे का, घंटा हाताशी आहे का, पाण्याचा पेला किती रिकामा झालाय. खासगी बाबी तेवढ्या बाजूला घेऊन बोला. "बाकी सगळं ओके" या वाक्यावर बंदी घातली तरी निम्मं काम झालं.

निवांत_कोपरा

डॉक्टरांना फोन करण्याबद्दलही लिहायला हवं. "आजींना बरं वाटत नाहीये" असा रात्री दोनचा फोन आला की पलीकडून "सकाळी बघू" हेच येणार. एसबीएआर पद्धत अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून रुग्णसेवेत आली. परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, मागणी या क्रमाने बोलायचं. असं:

"खोली ७, ८२ वर्षांच्या आजी. सकाळपासून झापड आहे, हाक मारली की डोळे उघडतात आणि लगेच मिटतात. एरवी स्वतः जेवतात, आज दोन घास. परवा रात्री झोपेची नवी गोळी सुरू झाली. ताप ३८.१ सेल्सिअस, नाडी १०४, श्वास मिनिटाला २६, रक्तदाब १०४/६०, ऑक्सिजन ९१. छातीचा संसर्ग किंवा डिलिरियम वाटतंय. तासाभरात येऊन बघाल का, आणि तोवर गोळी थांबवू का?"

शेवटची मागणी बहुतेक जण गाळतात, आणि फोन त्याचसाठी असतो. हे छापून टेलिफोनजवळ चिकटवा, आकडे भरल्याशिवाय नंबर फिरवायचा नाही. अपवाद एकच: माणूस डोळ्यांदेखत बिघडत असेल तर आधी फोन. श्वास मात्र पूर्ण एक मिनिट मोजा. प्रत्येक चार्टवर "२०" दिसला तर समजा कोणी मोजलेला नाही.

आणि शांत झालेल्या माणसाला "आज त्रास नाही दिला" असं लिहू नका. डिलिरियमचा, म्हणजे आजारात अचानक होणाऱ्या भ्रमाचा, गप्प प्रकार असाच निसटतो.

वाकडी_मान

हे वाचून आठवलं: लघवीला वास आला, रंग गडद झाला, आजोबा चिडचिडे झाले, की लगेच लघवीत तपासणीची पट्टी बुडवायची आणि अँटिबायोटिक. ही साखळी तोडल्याशिवाय दर्जाच्या गप्पा नकोत.

निवांत_कोपरा

अनुमोदन. दीर्घकाळ केंद्रात राहणाऱ्या स्त्रियांपैकी एक चतुर्थांश ते निम्म्या जणींच्या लघवीत कसलाही त्रास नसताना जंतू सापडतात. कॅथेटर बरेच दिवस असेल तर जवळजवळ सगळ्यांच्याच. त्यामुळे पट्टी पॉझिटिव्ह येणं म्हणजे संसर्ग नव्हे. जळजळ, ताप, थंडी वाजणं, ओटीपोटात किंवा कमरेत नवं दुखणं असेल तर नमुना पाठवा. नुसता वास असेल तर आधी पाणी वाढवा, पोट साफ आहे का बघा. बद्धकोष्ठतेने वागणूक बिघडते आणि पातळ गळतीही होते. ती गळती जुलाब समजून थांबवण्याचं औषध दिलं की अडकलेलं आणखी अडकतं.

गोळीबार

नाव बघून घाबरू नका, औषधवाला आहे.

सकाळी आठची फेरी ही बहुतेक केंद्रांतली सगळ्यात धोक्याची वेळ. एक सिस्टर, ४० माणसं, प्रत्येकी सात-आठ गोळ्या, मधे फोन, मधे नातेवाईक. अर्ध्या गोळ्या आठलाच का, तर तक्त्यात तसं छापलंय म्हणून. डॉक्टरांसोबत बसून आधी गोळ्याच कमी करा: दिवसातून तीनदाची एकदा होते का, दोन वर्षांपूर्वीची ॲसिडिटीची अजून का चालू आहे, झोपेच्या गोळीची मुदत कोणी लिहिली होती का. बीअर्स निकष (वृद्धांना शक्यतो टाळायच्या औषधांची यादी) १९९१ मध्ये अशाच केंद्रांतल्या वृद्धांसाठी तयार झाले. त्याची अद्ययावत यादी समोर ठेवून तिमाही आढावा घ्या.

मग वेळा मोकळ्या करा. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी, आणि कॅल्शियम किंवा लोहापासून चार तास लांब. ती रात्रपाळीच्या शेवटी देता येते. हाडांची आठवड्याची अलेंड्रोनेट उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत, नंतर अर्धा तास ताठ बसून. जो बसू शकत नाही त्याला ती द्यायचीच नाही. पार्किन्सनची लेव्होडोपा घड्याळाच्या काट्यावर. ती फेरीसोबत उशिरा गेली की अंग जखडतं, गिळणं बिघडतं आणि पुढचं सगळं बिघडतं. जेवणाआधीचं जलद इन्सुलिन तर ताट समोर आल्यावरच. साडेसातला टोचलं आणि गाडी शेवटच्या खोलीत साडेआठला पोचली की साखर घसरणारच. हा दोष सिस्टरचा धरला जातो, असतो स्वयंपाकघर आणि फेरी यांच्या वेळापत्रकाचा.

कुटण्याबद्दल: सावकाश विरघळणारी गोळी कुटली की दिवसभराचा डोस एकदम. आतड्यात विरघळण्यासाठी आवरण दिलेलीही कुटू नये. खल-बत्त्याशेजारी "या कुटू नयेत" अशी त्या केंद्रातल्या औषधांचीच यादी लावा, जगातल्या सगळ्या नको. ज्याला गोळ्या गिळता येत नाहीत त्याच्यासाठी द्रवरूप मिळतं का ते विचारा.

चमचाभर

गिळण्याचा विषय निघालाच आहे म्हणून. "पाणी घट्ट करून द्या" ही सूचना निरुपयोगी आहे, प्रत्येक मावशीचं घट्ट वेगळं. आयडीडीएसआय या घट्टपणा ठरवायच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत चाचणी दहा सेकंदांची आहे, स्तर जितका वरचा तितकं घट्ट. १० मिलीची सिरिंज (० ते १० खुणांमधलं अंतर ६१.५ मिमी हवं, सगळ्या सिरिंज सारख्या नसतात), दट्ट्या काढून तोंड बोटाने बंद, १० मिलीपर्यंत भरा, बोट काढा, दहा सेकंदांनी परत बंद. १ मिलीपेक्षा कमी उरलं तर स्तर ०. १ ते ४ उरलं तर स्तर १, ४ ते ८ स्तर २, ८ पेक्षा जास्त उरून थोडं तरी वाहिलं तर स्तर ३. स्टार्चची पावडर पेल्यात ठेवली की आणखी घट्ट होत जाते, म्हणून देण्याआधी तपासा, बनवल्यावर लगेच नाही.

भरवताना ताठ बसवा, भरवणाऱ्याने समोर बसावं, उभं नको. उभं राहिलं की घास वरून येतो, मान वर जाते, श्वासनलिका उघडी पडते. एका मावशीने तीन जणांना आळीपाळीने भरवणं बंद करा, त्यापेक्षा जेवणाच्या दोन पाळ्या करा. जेवल्यावर अर्धा तास ताठच. आणि दात, जीभ, कवळी रोज घासा. तोंडातले जंतूच लाळेबरोबर फुप्फुसात जातात, त्यामुळे तोंडाची स्वच्छता हा न्यूमोनियाचा प्रतिबंध आहे, सौंदर्यप्रसाधन नाही.

वजन महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी, सारख्या कपड्यांत. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के उतरलं तर आहारतज्ज्ञांना कळवा. खुर्चीसकट वजन घेत असाल तर खुर्चीवर तिचं वजन रंगवून ठेवा.

तक्तेबहाद्दर

भरभरून लिहिताय, सगळ्यांचे आभार. पण मूळ प्रश्न: या सगळ्यातलं पहिलं काय? सगळं एकदम आणलं तर त्याचेही तक्तेच होतील.

मोजपट्टी

तेच लिहायला थांबलो होतो. आरोग्यसेवेच्या दर्जाचा अभ्यासक डोनाबेडियन, त्याने १९६६ मध्ये दर्जाचे तीन भाग सांगितले: साधनं-माणसं, प्रत्यक्ष काम, परिणाम. तुमचा तक्ता मधल्या भागाचा आव आणतो आणि मोजतो फक्त सह्या. म्हणून आधी खरं मोजा. आठवड्यातून दहा वेळा, वेगवेगळ्या वेळी, न सांगता एका खाटेपाशी जा आणि दोनच गोष्टी बघा: माणूस नोंदीत लिहिलेल्या कुशीवर आहे का, टाचा हवेत आहेत का. दहापैकी किती, तो आकडा दर आठवड्याला आलेखावर. नाव कोणाचंही लिहायचं नाही. नाव लिहिलंत की पुढच्या आठवड्यात दहापैकी दहा येतील आणि बेडसोर तेवढेच राहतील.

दहा-बारा आठवड्यांनी मध्यक (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधला येतो तो) काढून आडवी रेघ मारा. सलग सहा किंवा जास्त टिंबं रेघेच्या एकाच बाजूला गेली तर काहीतरी खरंच बदललंय. एका आठवड्याच्या चढउतारावर पेढे नकोत आणि मेमोही नको. बेडसोरची टक्केवारी ४० खाटांवर काढण्यात अर्थ नाही, एक जखम कमी-जास्त झाली की आकडा उड्या मारतो. त्याऐवजी दोन नव्या जखमांमध्ये किती दिवस गेले ते मांडा. सुरुवातीला नोंदी वाढतील. ते बिघडल्याचं लक्षण नाही, आधी लपत होतं ते दिसायला लागलं.

बदल मात्र एक खाट, एक पाळी, एक मावशी एवढ्यावर करून बघा. जमलं तर तीन खाटा. अडलं तर का अडलं ते त्याच मावशीला विचारा.

रातपाळी

आणि पहिला बदल कूस बदलण्यात करू नका, चालण्यात करा. एका मावशीच्या मागे एक पाळी फिरून बघा. चादर एका टोकाला, पॅड कपाटात कुलुपात, चावी सिस्टरकडे, उशी शेजारच्या खोलीतून उसनी. सहा मिनिटांच्या कामात तीन मिनिटं आणाआणीची असतात. ती वाचली तर वरच्या गणितातले ७८ चे ३९ होतात. माणूस न वाढवता वेळ मिळतो तो इथे.

प्रत्येक विंगेला एक ट्रॉली: पोटरीची नि पाठीची अशा जादा उश्या, सरकवायची शीट, दोन मापांचे पॅड, बॅरिअर क्रीम, हातमोजे, मळक्या कपड्यांची पिशवी. किती नग ते ट्रॉलीवरच लिहा. भरण्याचं काम जाणाऱ्या पाळीचं, आणि हँडओव्हरमध्ये ट्रॉली दाखवूनच जायचं. होइस्टच्या (माणूस उचलायच्या यंत्राच्या) झोळीवर माप आणि माणसाचं नाव. मोठी झोळी लहान अंगाला लावली की माणूस निसटतो. हो, उचलताना व्हीलचेअरचे ब्रेक लावा, पण होइस्टची चाकं बहुतेक उत्पादक मोकळी ठेवायला सांगतात, म्हणजे भार आला की यंत्र स्वतः मध्यावर येतं. आपल्या यंत्राची पुस्तिका बघूनच.

वाकडी_मान

यात मी एकच जोडेन: त्याच मावशी त्याच खाटांना. दर आठवड्याला विंग फिरवली की "आजी आज वेगळ्या वाटतात" हे कोणालाच म्हणता येत नाही. जड माणसं एकाच मावशीच्या वाट्याला येतात अशी तक्रार येईल, ती रास्त आहे. वाटणी खाटांच्या संख्येवर न करता लागणाऱ्या मदतीवर करा.

तक्तेबहाद्दर

ट्रॉली आणि दहा फेऱ्या, एका विंगेत. हे लगेच जमण्यासारखं आहे. शेवटचा अडथळा: तपासणीला येणारे लोक दोन-दोन तासांच्या छापील वेळा मागतात. रिकामे रकाने दिसले तर शेरा येतो.

सुईदोरा

वर एका ओळीत त्या माणसाचं ठरलेलं अंतर, कारण आणि सिस्टरची सही: "३ तास, ब्रेडन १४, फोमची गादी, त्वचा स्वच्छ". खाली खऱ्या वेळा. दर आठवड्याला त्वचा बघून ती ओळ नव्याने लिहायची. तपासणाऱ्याला नियोजन वर दिसतं आणि अंमलबजावणी खाली. उशीर झाला तर कारणाचा एक शब्द पुरे: "पडझड", "उलटी", "एकटी". महिन्याभराने ते "एकटी" किती वेळा आलंय ते मोजा आणि माणसं मागायला जाताना तोच कागद घेऊन जा.